सोबत राहण्याची अट

९ जानेवारी, सोमवार

साहेबांनी आल्या आल्या केबिनमध्ये बोलावलं. आश्रितांचा नियम बदलायचा ठरलाय. मसुदा मी करायचा!

आमच्या आरोग्य खात्यात या मजल्यावर दोनच कामं. खासगी दवाखान्यांना नियम लावायचे, आणि खात्यातल्या माणसांना, त्यांच्या घरच्यांना त्याच दवाखान्यांत फुकट उपचार मिळतात की नाही ते बघायचं. पहिलं काम करताना आम्ही पोलीस, दुसरं करताना मायबाप. खुर्ची तीच.

आजवरचा नियम असा — लग्न झालेल्या बाईनं नोकरीत एकदाच सांगायचं, उपचारांच्या यादीत सासू-सासरे हवेत की स्वतःचे आई-वडील. एक जोडी घ्यायची, दुसरी सोडायची. एकदा लिहिलं की निवृत्तीपर्यंत तेच. पुरुषांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्यांचे आई-वडील आपोआप! आता बायकांना निवड बदलायची एक संधी द्यायची. फेब्रुवारीअखेरपर्यंत. पुन्हा नाही.

साहेब म्हणाले, "सोप्या भाषेत लिहा, बाई. मागच्या परिपत्रकाचा अर्थ विचारायला लोक माझ्याकडे येत होते, आणि मलाही तो लागत नव्हता."

१० जानेवारी, मंगळवार

'आश्रित' या शब्दाची व्याख्या करण्यात दुपार गेली.

घरी सासूबाईंना सांगितलं. (लग्न झाल्यापासून त्यांना आईच म्हणते. इथंही तेच लिहीन.) आई म्हणाल्या, "त्यात काय एवढं! ज्याला दुसऱ्यांदा वाढून घेताना समोरच्याचं तोंड बघावं लागतं, तो आश्रित."

मसुद्यात घालता येणार नाही. पण माझ्या व्याख्येपेक्षा बरी आहे.

१३ जानेवारी, शुक्रवार

मसुद्यावर बैठक. सगळं मान्य झालं, एका कलमावर गाडी अडली. आश्रित माणूस कर्मचाऱ्याच्या सोबत, एकाच घरात राहत असला पाहिजे — ही अट ठेवायची की काढायची? लेखा शाखेचे म्हणाले, काढून टाका, हल्ली कोण कुठं राहतं याला धरबंद नाही. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, ठेवलीच पाहिजे. मागच्या वर्षीचं उदाहरण दिलं. एका कारकुनाचे वडील त्याच्या यादीत, आणि त्याच वेळी दुसऱ्या शहरात धाकट्या भावाच्या ऑफिसच्या यादीतही. बाप एक, याद्या दोन, आणि बाप राहत होता तिसऱ्याच मुलाकडे! सगळे हसले. मी म्हटलं, नुसती अट ठेवून भागणार नाही, घरी जाऊन बघितलंही पाहिजे. पडताळणी हवी.

"तुम्ही असताना मला वकील कशाला लागतो!" साहेब म्हणाले. कलम राहिलं. पडताळणीचं वाक्य मीच तिथल्या तिथं लिहून दिलं. चांगलं जमलं.

१५ जानेवारी, रविवार

आईंना हृदयाच्या दवाखान्यात नेलं. दर सहा महिन्यांनी पेसमेकर तपासावा लागतो. छातीवर ते वाटोळं यंत्र ठेवून डॉक्टर पडद्याकडे बघत बसले. बॅटरी संपत आलीय म्हणाले. घाबरण्यासारखं काही नाही, पण वर्षाच्या आत बदलावी लागेल.

आईंनी विचारलं, "बदलली नाही तर?"

"बदलायचीच, आजी."

"अहो, मी फक्त विचारलं."

येताना रिक्षात म्हणाल्या, "भिंतीवरच्या घड्याळाचं कळतं तरी, काटे रेंगाळायला लागतात."

हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. यांच्या नोकरीबरोबर आईंचे उपचारही गेले होते. तेव्हाच मी माझ्या यादीत सासू-सासरे लिहिले. सासरे तेव्हाही नव्हते, म्हणजे खरं तर एकट्या आईच. माझ्या बाजूला वडील, अण्णा, होते, पण ते दादाकडे, आणि दादाच्या कंपनीत आई-वडिलांची सोय होती. तेव्हा फार विचारच करावा लागला नाही.

२० जानेवारी, शुक्रवार

परिपत्रक निघालं. संध्याकाळपर्यंत लोक फोनवर अर्थ विचारत होते.

२३ जानेवारी, सोमवार

दादाचा फोन. कामाच्या वेळी तो कधीच करत नाही.

त्याची कंपनी बंद झाली. गेटवर कागद लावला आणि संपलं. फेब्रुवारीअखेरपर्यंत उपचारांची सोय चालेल, पुढे नाही. अण्णांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. ते थांबवता येत नाही — हे मला सांगायची त्याला गरज नव्हती, तरी त्यानं दोनदा सांगितलं.

"अगं, पेपरात वाचलं. तुमच्याकडे बायकांना बदल करता येतो म्हणे. तू जरा बघशील का?"

बघशील का! मीच लिहिलंय ते. पण त्याला म्हटलं, बघते.

सासरची माणसं काढल्याशिवाय माहेरची घालता येत नाहीत. कलम दोन.

२४ जानेवारी, मंगळवार

आईंना काही सांगितलं नाही.

२६ जानेवारी, गुरुवार

आईंना सगळं ठाऊक आहे. पेपर त्याही वाचतात, आणि दादाचा फोन मी घेतला नाही तर घरच्या फोनवर येतो.

जेवताना म्हणाल्या, "मग बदल की नाव."

"आणि तुमचं?"

"माझं काय! मी बॅटरीवर चालते. त्यांचं रक्तच यंत्रातून काढून धुऊन परत घालतात. तोलून बघ ना."

मी म्हटलं, असं तोलून होत नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसात दुसरं काय करता मग?"

२ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यांच्या कामाचा दिवस. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर डायलिसिसचं एक केंद्र आहे. खात्याच्या यादीवर आहे, मान्यतेच्या नूतनीकरणाची फाइल आली. आमचा तपासनीस जाऊन आला. त्याला सगळे टेप म्हणतात, कारण खिशातून पट्टी काढल्याशिवाय तो कुठल्याही खोलीत बसत नाही. लग्नाच्या हॉलमध्येही दोन खुर्च्यांमधलं अंतर मोजून बसतो, असं त्याची बायको सांगते.

टेपचं म्हणणं — दोन खाटांमधलं अंतर कमी आहे, आणि काविळीच्या रुग्णांचं यंत्र वेगळं ठेवलेलं नाही, त्याच रांगेत आहे. एक खाट काढायला लावू, यंत्र आतल्या खोलीत हलवायला लावू, मगच नूतनीकरण.

अण्णा माझ्याकडे आले तर इथंच जावं लागेल. खाट गेली की तेवढ्या रुग्णांच्या वेळा गेल्या. सकाळपासून हे डोक्यात होतं.

दुपारी केंद्राच्या डॉक्टरांचा फोन आला. गोड आवाज. "मॅडम, कानावर आलं की आपले वडील आमच्याकडे यायचे आहेत. आपलंच घर समजा. फाइल तेवढी लवकर..." कुणी सांगितलं यांना? दादानं चौकशी केली असणार.

साहेबांकडे जाऊन सांगितलं, ही फाइल दुसऱ्याकडे द्या, माझे वडील तिथं जाण्याची शक्यता आहे. साहेबांनी कपाळावर चष्मा चढवला. "बाई, उद्या तुम्ही स्वयंपाक करतानाही हात वर कराल, घरच्यांसाठी करतेय म्हणून."

फाइल दिली दुसऱ्याकडे. खाट निघाली.

५ फेब्रुवारी, रविवार

बेबी आली होती. माझी नणंद — पन्नाशीला आली तरी बेबीच. सरकारी रुग्णालयात नर्स आहे, म्हणजे तीही आमच्याच नियमात. चप्पल काढता काढताच बोलायला लागली.

"वहिनी, मी उपाय आणलाय. माझ्या यादीत सासूबाई होत्या. त्या गेल्या, जागा रिकामीच पडलीय. मी बदलून आईला घेते. तू अण्णांना घे. झालं! उगाच तोंड पाडून बसलायत सगळे."

आई म्हणाल्या, "जागा रिकामी आहे म्हणे! मी काय बसमध्ये ठेवायची पिशवी आहे?"

"आई, नुसतं नाव गं. राहायचं तू इथंच."

मी म्हटलं, "तसं नाही चालत. सोबत राहायची अट आहे."

"कुणाला सुचलं हे? ज्यानं घातली त्याला घरदार आहे की नाही?"

"मी घातली."

बेबीनं आईंकडे बघितलं. आई खिडकीकडे बघत होत्या. मी चहा टाकायला उठले.

आत ऐकू येत होतं. बेबी दबक्या आवाजात, "कोण येतंय बघायला! आले तर आले, त्या दिवशी तुला आणून बसवू." चहा घेऊन बाहेर आले तेव्हा आईंनी माझ्याकडे न बघता विचारलं, "येतात का गं बघायला?"

"येतात. टेप येतो."

७ फेब्रुवारी, मंगळवार

आई सकाळी म्हणाल्या, "मी बेबीकडे जाते."

मी डबा भरत होते. म्हटलं, घाई काय आहे, अजून बघू.

"काय बघणार? नियम तू लिहिलास. उद्या तुझ्याच घरात खोटं निघालं तर तोंड कुठं लपवशील? आणि अण्णांना काय कळवायचं — थांबा, आमचं अजून ठरतंय?" मग आवाज खाली आणून, "मुलीकडे जातेय. जंगलात नाही."

बरोबरच आहे. तिन्ही बाजूंनी बघितलं तरी बरोबर आहे. अण्णांची सोय होते, आईंची होते, नियमही मोडत नाही. ऑफिसात कुणी हे प्रकरण माझ्यासमोर ठेवलं असतं तर मी एका ओळीत मंजूर केलं असतं.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

दोन्ही अर्ज गेले. माझा आणि बेबीचा. साहेबांना लेखी कळवलं, दोन्ही घरचे आहेत, माझ्या टेबलावर नकोत.

१८ फेब्रुवारी, शनिवार

आईंना पोचवलं. एक पेटी, एक गादी (त्यांना दुसरी चालत नाही), औषधांचा डबा. बेबीचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथा मजला, लिफ्ट आहे. हॉलच्या एका कोपऱ्यात खाट, मध्ये पडदा. बेबीनं पडदा नवीन आणला होता. मनापासून करत होती सगळं. जावईही उठून उभे राहिले, आईंसाठी पंख्याची दिशा बदलली.

आई खाटेवर बसून म्हणाल्या, "छान आहे."

निघताना मी पाया पडले. एरवी पडत नाही. त्यांनी "अगं, हे काय" म्हणत पाय मागे घेतले.

१९ फेब्रुवारी, रविवार

दादा अण्णांना सोडून गेला. परतीच्या गाडीची घाई होती म्हणाला. घाई नव्हती. त्याला इथं थांबवत नव्हतं, हे दिसत होतं. जाताना दारात माझा हात धरला, नुसताच.

अण्णा आईंच्या खोलीत. पिशवी उघडायच्या आधी खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचली. आयुष्यभर पाट्या रंगवल्या त्यांनी, नजर तिकडेच जाते. "हे यंत्रावर छापलेलं. अक्षराला पोट नाही, पाठ नाही. सगळी कशी उपाशी."

२२ फेब्रुवारी, बुधवार

अण्णांना डायलिसिसला नेलं. वेळ मिळाली ती पहाटेची. बाकीच्या वेळा त्या निघालेल्या खाटेबरोबर गेल्या. अण्णांना कारण सांगितलं. ते म्हणाले, "अंतर कमी होतं का खरंच?" म्हटलं, हो. "मग बरं केलंस."

चार तास बाहेरच्या बाकावर. शेजारी एक बाई, नवऱ्याला घेऊन आलेली. ती म्हणाली, "पूर्वी आम्हाला दुपारची वेळ होती. कुणी ऑफिसातून आलं म्हणे, मोजमाप केलं, आणि आमची झोप गेली."

तिथून तशीच ऑफिसात.

१ मार्च, बुधवार

बदलाची मुदत काल संपली. माझ्या यादीत आता अण्णा. बेबीच्या यादीत आई, पडताळणीच्या अधीन राहून. पुन्हा बदल नाही. कलम सहा.

५ मार्च, रविवार

आईंकडे गेले. सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, पाठ न टेकता. आमच्याकडे आलेले पाहुणे असे बसतात.

"इथं टीव्ही मोठा आहे," म्हणाल्या. "बातमीदाराच्या नाकातले केससुद्धा दिसतात."

बेबी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. रागावलेली. "वहिनी, आई काही मागतच नाही गं. पहिले दोन दिवस माझे डबे हलवले, मी काहीतरी बोलले असेन, तेव्हापासून हात लावत नाही कशाला. चहा हवा का विचारलं की म्हणते, तुम्ही घेणार असाल तर. मला? मुलीला?" तिचे डोळे भरले. म्हटलं, होईल सवय.

माझ्याकडे त्या कधी विचारत नव्हत्या. ओरडून सांगायच्या — आज चहात साखर विसरलीस!

९ मार्च, गुरुवार

अण्णांना बरं आहे. डायलिसिसनंतर थकतात, मग संध्याकाळी बोलतात. आज विचारलं, "त्यांचा काही फोन?"

फोन रोज यायचा. आता एक दिवसाआड येतो. काय जेवलीस, अण्णा कसे आहेत, ठेवते. तीन वाक्यं.

अण्णा म्हणाले, "मी त्यांच्या खोलीत झोपतो, तर रात्रभर वाटतं, कुणाच्या तरी जागेवर बसलोय, तो येईल आणि उठवेल."

१४ मार्च, मंगळवार

काही नाही. फाइली.

१९ मार्च, रविवार

गेले नाही बेबीकडे. अण्णांना ताप होता. फोन केला तर आई म्हणाल्या, "नको येऊस, उगाच दगदग." नंतर किती तरी वेळ फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. टीव्हीचा आवाज ऐकू येत होता.

२३ मार्च, गुरुवार

दुपारी कॅन्टीनमध्ये टेप समोर येऊन बसला. चहा घेतला नाही. म्हणाला, "मॅडम, बोलायचं होतं. नियमात बसत नाही, तरी."

काल तो बेबीकडे पडताळणीला गेला होता. मला आधी कळायचं कारण नव्हतं, प्रकरण माझ्याकडे नाही. मी म्हटलं, मग मला सांगू नका. तो म्हणाला, "सांगितल्याशिवाय मला लिहिता येत नाही."

आईंनीच दार उघडलं म्हणे. बसायला सांगितलं, पाणी दिलं. बेबी आतून आली. ओळखपत्र बघून तिनं हसून स्वागत केलं. टेपनं नेहमीचा प्रश्न विचारला.

"आजी, तुम्ही इथं कधीपासून राहता?"

"राहत नाही हो. आलेय."

बेबी मागून म्हणाली, "अहो, तिला नीट ऐकू येत नाही."

"मला छान ऐकू येतं," आई म्हणाल्या. "यांनी राहता का विचारलं. राहणं वेगळं."

"मग राहता कुठं, आजी?"

आईंनी आमच्या घराचा पत्ता सांगितला. इमारत, मजला, जिन्यापासून कितवं दार. दाराची कडी जरा वर उचलून ढकलावी लागते, हेही सांगितलं.

"तिथं कोण असतं?"

"माझी मुलगी."

टेपनं बेबीकडे बोट केलं. "आणि ह्या?"

"हीसुद्धा. ही धाकटी. ती मोठी, ऑफिसात असते, तुमच्यासारखीच."

टेप हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होता, मोजल्यासारखं. "कपडे कुठं ठेवता विचारलं. आजींनी खाटेखालची पेटी ओढून दाखवली. सगळं पेटीतच, मॅडम. घड्या घातलेलं. कपाटात एक खण त्यांना मोकळा करून दिलाय, तो तसाच रिकामा. निघताना तुमच्या नणंदबाई जिन्यापर्यंत आल्या. रडत होत्या. म्हणाल्या, ती खरंच इथं राहते हो, रोज इथंच झोपते, तुम्ही शेजारी विचारा. आणि तेही खरंच आहे. ती खाट वापरातली आहे. मला कळतं."

मी विचारलं, "मग?"

"मग काय लिहू? मी कधी विचारत नाही कुणाला. 'भेटीच्या वेळी आश्रित व्यक्ती घरात हजर' — एवढंच लिहिलं तरी खोटं होत नाही. पुढचं कुणी विचारणार नाही. पण आजींचं बोलणं लिहिलं तर..."

नाव जाईल. बेबीच्या यादीतून जाईल आणि माझ्या यादीत येणार नाही. मुदत संपली. बॅटरी वर्षाच्या आत बदलायची आहे. बॅटरीचं त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं.

सतरा वर्षं ओळखते मी टेपला. खाटेखालचं अंतरसुद्धा त्यानं कधी सैल मोजलेलं नाही. आज तो स्वतःहून पट्टी बाजूला ठेवत होता, आणि मी फक्त मान हलवायची होती.

मी म्हटलं, "त्या जे बोलल्या तेच लिहा."

"शब्दशः?"

"शब्दशः."

तो उठला. जाताना म्हणाला, "तुम्ही असंच म्हणाल असं वाटलं होतं. तरी वाटलं, विचारावं."

२७ मार्च, सोमवार

निर्णय आला. आश्रित म्हणून नोंद अमान्य — अर्जदाराच्या सोबत राहत नाहीत.

बेबीचा फोन. "वहिनी, तो माणूस तुझ्या हाताखालचा! एक शब्द टाकला असतास! मी रोज तिला औषधं देते, रात्री उठून बघते, आणि तुमच्या कागदावर ती माझ्याकडे राहत नाही! आता बॅटरीचं काय? नियम भरणार का तिच्या छातीत?"

मी म्हटलं, "मी तिला न्यायला येते."

"ये! तेच हवं होतं तिला!" आणि थोड्या वेळानं, अगदी लहान आवाजात, "जेवून जा आलीस की."

अण्णांना सांगितलं. ते उठून गादी गुंडाळायला लागले, हॉलमध्ये न्यायला. म्हटलं, थांबा, मी उचलते. म्हणाले, "हलकी आहे."

२८ मार्च, मंगळवार

आई घरी आल्या. नाव कुठल्याच यादीत नाही.

साहेब आज सगळ्यांसमोर म्हणाले, "सख्ख्या घरासाठीसुद्धा नियम वाकवला नाही, याला म्हणतात बाई!" टेपही मान हलवत होता. मी खाली बघत उभी राहिले. कॅन्टीनमध्ये 'शब्दशः' म्हणाले तेव्हा नियम माझ्या मनातसुद्धा नव्हता. आईंनी मला मुलगी म्हटलं होतं. ते कुठंतरी लिहिलेलं हवं होतं मला.